तेरा कमी

माळखेडवाडीची मुक्कामी गाडी मी नऊ वर्षं केली.
धारूर आगार, शेवटची फेरी, साडेसातची.
फाट्यापासून आत सहा किलोमीटर
रस्ता असा नव्हताच;
गाडी जायची, म्हणून त्याला रस्ता म्हणायचं.

सेल्फ कधीच लागायचा नाही सकाळी.
पहिल्या वर्षी मुनीरभाईनं नुसता हॉर्न दिला
तर चूळ भरता भरता माणसं यायची,
वीसेक जण पाठीमागं लागायची,
गाडी धक्क्याला लाजून सुरू व्हायची.
पुढं पुढं बारा. मग सात.
एका फाल्गुनात मी, तिडके गुरुजी
आणि सातवीतली दोन पोरं.
त्यानंतर मुनीरभाई रात्रीच
शाळेमागच्या उतारावर गाडी लावू लागला,
चाकाखाली दगड घालून.
का, ते कुणी विचारलं नाही.

गुरुजींनी गाव मोजलं त्या रात्री
आम्ही शाळेच्या ओट्यावर भाकरी खात होतो.
बॅटरी तोंडात धरून त्यांनी बेरीज केली,
पुन्हा केली.
चारशे सत्त्याऐंशी.
पाचशेला डांबर होतं.

लोचनाबाई घुले सरपंच होत्या.
म्हणाल्या, "तेराच की. तेरा माणसं म्हंजी काय,
एका काळ्यापिवळीत बसतेत,
वर दोघांना जागा राहती."
कुणी हसलं. कुणी म्हणालं, लेकीबाळी बोलवा माहेरी.
गुरुजी म्हणाले, कागद खोटं बोलत नसतो.
लोचनाबाई म्हणाल्या, मग खरं तरी कुठं बोलतो?

मी गप्प बसलो.
ते तेरा मला तोंडपाठ होते.

भाऊराव खाड्यांची दोन्ही पोरं, भोसरीला, कंपनीत.
शकू गित्ते, लातूरला, नर्सिंगला;
तिच्या आईनं हाफ मागितलं, वय चोरून,
मी फुलच फाडलं
आणि त्याचं अजून वाईट वाटतं.
कदीर तांबोळ्याचं सगळं घर, सहा जण,
लगेज वेगळं, शिवणयंत्राचं पायडल माझ्या सीटखाली.
रुक्मिणबाई डोळ्याच्या ऑपरेशनला गेली, नातू हाताला धरून;
डोळा आला, ती आली नाही.
यमाजी नाईकवाडे.
त्यानं घराची किल्ली माझ्याकडं दिली,
"येस्तोर ठेवा मास्तर, पोरगा हरवतो."
पिशवीत तिकिटांच्या खाली ती वाजायची,
सुट्ट्या पैशांत हात घातला की आधी तीच लागायची.

हे बारा झाले.

तेराव्याचं तिकीट मी फाडलं नाही.
त्या भादव्यात ओढ्याला पाणी होतं,
आम्ही फाट्यावरूनच गाडी फिरवली,
वेबिलवर लिहिलं: रस्ता बंद.
मागनं चौघांनी मंगलला बाजेवर आणलं,
छातीएवढ्या पाण्यातनं, बाज डोक्यावर धरून.
फाट्यावर आले तेव्हा
गाडी जाऊन वीस मिनिटं झाली होती.
वीसच.
मूल जगलं.
ते चारशे सत्त्याऐंशीत धरलेलं आहे.

मुनीरभाईनं ताट धुतलं, म्हणाला,
"गुरुजी, आम्हा दोघांना धरा. अकराच राहतील."
गुरुजींनी खरंच पेन उघडलं.
मग म्हणाले, तुमची नोंद तुमच्या तुमच्या घरी.
मी घरी महिन्यातनं आठ रात्री असायचो.

पुढच्या वर्षी फेरी बंदचं पत्र आलं:
किलोमीटरमागं उत्पन्न कमी.
माझ्याच वेबिलांची बेरीज होती ती,
माझ्याच अक्षरातली.

शेवटच्या सकाळी प्रवासी तीन.
मुनीरभाईनं हॉर्न दिला नाही.
मी चाकाखालचा दगड काढला, धावत दारात चढलो.
इंजिन पकडेपर्यंत, सगळा उतारभर,
गाडी आवाज न करता चालली होती,
दोन्ही बाजूंना कुलपं.
त्यातलं एक कुठल्या किल्लीचं
ते मला माहीत होतं.